न वाजणारे आवाज

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जपानी बाई गाल धरून बसली होती. डॉक्टरांनी दारातून विचारलं, "दुखतंय किती? दहापैकी सांगा." आकडा काही तिला सांगता येईना. ती मूठ उघडत-मिटत म्हणाली, "झुकी झुकी."

"अगं बाई, ठसठसतंय हिला," समोरच्या आजी म्हणाल्या, आणि आपला नंबर तिला देऊन मोकळ्या झाल्या.

खरं तर दुखरा दात कुठे वाजतो? डोळे चुरचुरतात, जिवाला हुरहुर लागते, तेव्हाही बाहेर काहीच ऐकू येत नाही. आवाज आपणच देतो. मला तरी दुखण्याला मार्क देण्यापेक्षा ते बरं वाटतं.

ती बाहेर आली. मी विचारलं, "आता?"

"शीऽऽन," ती अर्ध्या तोंडानं हसली. सगळं गप्प झालं की आमच्याकडे असं म्हणतात, हे तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून लोक मला विचारतात, घर कसं वाटतं? मी म्हणतो, बरंय.

त्या संध्याकाळी कुलूप काढलं, सवयीनं मुलीला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. घरात तेच 'शीऽऽन' वाजत होतं.