बय, आत्याबाय आणि नेरळचा सोडा

माझी पणजी बाटली होती.

म्हणजे गावाने तसं ठरवलं होतं. आणि ती बाटली ती एका बाटलीमुळेच. सोडावॉटरच्या.

आज तिचा स्मृतिदिन. पणजीचं नाव सोनाबाय, पण आम्ही सगळे तिला बयच म्हणायचो. ती नव्वदीत गेली तेव्हा मी सातवीत होतो, त्यामुळे हा किस्सा मी थेट तिच्या तोंडून ऐकलाय. एकदा नाही, हट्ट करकरून.

गोष्ट तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची. साल तिला ठाऊक नव्हतं. नेरळला आगगाडी थांबायची, पण माथेरानची छोटी गाडी अजून यायची होती. साहेबलोक तट्टांवर बसून डोंगर चढायचे.

पोशीरहून बय आणि तिची सासू नेरळच्या बाजाराला चालत जायच्या. सासूला ती आत्याबाय म्हणायची.

आत्याबाय गावची सुईण. तोंडाने फटकळ. सुनेने मागूनच चालायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

पण बाजार आला की तीही जरा सैल व्हायची.

आधी सुकट हुंगून बघायची. मग कासाराकडे बांगड्या. मग पानाच्या द्रोणात गरम शेव आणि वर गुळाचा खडा. ते घेऊन दोघी चिंचेखाली बसायच्या आणि तट्टावर चढताना किंचाळणाऱ्या मडमा बघायच्या.

"म्हणजे टाइमपास?" मी विचारलं होतं.

"टाइमपास नाय रं. त्याच्यासाठीच तर जायचं. सुकट काय, दारावर पण येयाची."

स्टेशनबाहेर एका पारशी बावाजीचं सोड्याचं दुकान होतं. एकदा बयने बघितलं, एका माणसाने बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला.

फट्ट!

वरची गोटी आत पडली, पाणी उकळल्यासारखं वर आलं, आणि तो ते घटाघटा प्याला. तोंड भाजलं नाही.

बयच्या डोक्यात भुंगा शिरला. चूल नाही, जाळ नाही, मग पाणी उकळतंय कसं? आणि एवढ्याशा गळ्यातून गोटी आत गेली कशी?

"आत्याबाय, त्या बाटलीत ना..."

"तुला काय करायचंय गं? शेव खा."

पुढच्या बाजाराला आत्याबाय सुकटवालीशी भांडत होती. बय सटकली आणि दुकानापुढे जाऊन उभी राहिली. ही पोर नुसती टक लावून बघतेय हे बावाजीच्या लक्षात आलं. त्याने एक बाटली उघडून तिच्यापुढे धरली.

"कशी लागली?" आम्ही दर वेळी विचारायचो.

"नाकात मुंग्या गेल्या रं. डोळ्यांत पाणी. आणि मग आली ती ढेकर! साहेबाचं तट्टू बिचकलं."

ढेकर अख्ख्या बाजाराने ऐकली. त्यात पोशीरचा एक जण होता.

दिवेलागणीपर्यंत गावभर झालं. पारशाच्या हातचं पाणी, तेही दहा जणांच्या उष्ट्या बाटलीतून. सोनाबाय बाटली.

घरातल्या घागरीला हात लावायचा नाही, विहिरीवर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी देवळापुढे पंच बसणार. माहेरी धाडून द्यायचं, असंच बोलणं चाललेलं. पणजोबा मान खाली घालून बसले होते.

"आत्याबाय माझ्याशी चकार शब्द बोलली नाय," बय सांगायची. "मला वाटलं, आता हीच मला घालवते."

पंच बसले. पाटलाने विचारलं, सुनेने असं केलं हे खरं काय?

आत्याबाय उठली.

"बाटली मी घेतली व्हती. माझं पोट फुगलं व्हतं. निम्मी मी प्याले, उरली ती हिला दिली. टाकायचं तर दोघींना टाका."



मग ती पाटलाकडे वळली. "आणि तुमच्या सुनेचे दिवस भरलेत. बाटलेली सुईण चालते का, ते आत्ताच सांगा. मागनं बोलवायला येऊ नका."

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. थोडं खोकले.

निकाल लागला. गावदेवीला एक नारळ.

घरी परतताना आत्याबाय शेताच्या बांधावर थांबली. मागेपुढे कुणी नाही ना, ते बघितलं.

"आता सांग. कशी लागते गं?"

तिने जन्मात सोडा चाखला नव्हता!

पुढच्या बाजाराला दोघी मिळून बावाजीकडे गेल्या. काच गरम आणि मऊ असतानाच गोटी आत टाकतात, मग वरून गळा आवळतात, हे त्याने रिकामी बाटली हातात देऊन समजावलं. आत्याबायने सगळं ऐकून घेतलं. तरी बाटली उलटी केली, खुळखुळवली, डोळ्याला लावून बघितली.

मगच प्याली.

"तिची ढेकर माझ्याहून मोठी," बय म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. "पण त्या दिवशी सुईणीला बोलायची कुणाची छाती झाली नाय."

त्यानंतर बाजारातून येताना दोघी शेजारी शेजारी चालायच्या. वाटभर बोलत.

बयचा एक फोटो आमच्याकडे आहे. आत्याबायचा नाही. काढला असेल असंही वाटत नाही.

आणि तिचं नाव मला माहीत नाही.

बयला विचारलं होतं. "सासूचं नाव घेतात व्हय रं?" म्हणून तिने उडवून लावलं. पुढे वडिलांना विचारलं, चुलत्यांना विचारलं. कुणालाच सांगता येईना. जिने निम्म्या गावाला जगात आणलं, तिचं नाव गावात कुणाला ठाऊक नाही.

पोशीर-नेरळकडचं कुणी ही पोस्ट वाचत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचाराल का?

बय, आज तुझ्या फोटोला शेवंतीचा हार घातला. शेजारी एक फूल वेगळं ठेवलंय, तुझ्या आत्याबायसाठी.

दोघींना मनापासून नमस्कार.