बॅटरी किती राहिली?

लेकीच्या वसतिगृहाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि आमच्या साखरा गावात आदल्या दुपारपासून लाईट गायब. फोनमध्ये अकरा टक्के. अर्जाला नंबर माझा, म्हणजे ओटीपी येणार तो याच फोनवर. वसतिगृह नाही मिळालं तर कॉलेजही नाही, हे घरात ठरलेलं होतं.

निघताना मी आमच्या ह्यांना बजावलं, "बॅटरी कमी हाय, आज फोन करू नका." एसटीत बसल्याबसल्या लेकीनं फोनचा उजेड कमी केला, नेट बंद, लोकेशन बंद, आणि शेवटी विमानाचं चिन्ह दाबून त्याला गपगार करून टाकलं.

हिंगोलीत अर्ज भरायच्या केंद्रावर पोचलो. तिथल्या माणसाचा चार्जर नव्या पिनेचा, आमचा फोन जुन्या पिनेचा. "ओटीपी येईल, फोन चालू ठेवा," तो म्हणाला. लेकीनं विमान काढलं. दहा टक्के. लगेच फोन वाजला. आमचे हे.

"पोचली का?"

"पोचले. ठेवा."

"आन् बॅटरी किती राहिली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅटरी वाचवायची म्हणून तोंड बंद ठेवा म्हटलं, तर हा माणूस बॅटरीचीच खुशाली विचारायला बॅटरी जाळतो! बरं, उचलू नये तर तीही सोय नाही. आमच्याकडं फोन उचलला नाही म्हणजे अपघातच झाला.

पाच मिनिटांनी धाकटी नणंद. "वहिनी, दादा म्हणला तुमाला फोन करू नको, बॅटरी कमी हाय. म्हणलं खरंच का? थांबा, आईला देते."

"देऊ नका!" मी एवढ्यानं ओरडले की सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. पण सासूबाई आल्याच. जेवली का, ऊन किती हाय, पोरगी घाबरली न्हाई ना. सहा टक्के. चार. ह्या लोकांची माया आहे की छळ, मला आजही सांगता येणार नाही.

ओटीपी आला तेव्हा दोन उरले होते. लेकीनं आकडे मोठ्यानं वाचले, त्या माणसानं टाकले, अर्ज गेला. फोन त्यानंतर मेला. मला तिथंच रडू फुटलं.

संध्याकाळी घरी पाऊल टाकते तोच हे दारात उभे. "फोन काहून बंद केला? जीव टांगणीला लागला ना आमचा!" त्यांना वाढलं, पण दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

आता लेक वसतिगृहात आहे. परवा म्हणाली, "आई, तीनच टक्के हाय, नंतर बोलते." दहा मिनिटं मी कशीबशी कळ काढली. मग राहवेना. चार्जिंगला लावला का, एवढंच विचारायला फोन केला.

दोनदा वाजला आणि बंद पडला.