विड्याची पानं आणि पत्त्यांची जादू

इंझोरीच्या बाजारात एक पानवाले भाऊ होते. ते विड्याची पानं विकत आणि गिऱ्हाईक नसलं की पत्त्यांची जादू दाखवत. हातात चारच पत्ते धरून, एकेक सरकवत, ते मोठ्याने पाच मोजत. आम्ही डोळे फाडून बघत असलो तरी पत्ते पाचच भरत. ही खोटी मोजणी मुळात आली कुठून, हे मात्र विचारणाऱ्यावर ठरे. पाटलांना ते सांगत, अकोल्याच्या गोऱ्या साहेबाने शिकवली. मास्तरांना सांगत, काशीच्या पंडितांची जुनी विद्या आहे. दोघेही समाधानाने मान डोलावत.

पुढे पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. पानं भाऊंनीच मोजून दिली आणि ऐन मांडवात विडे कमी पडले. पाटील व्याह्यांवरच घसरले. "पानं माह्या डोयासमोर मोजले, कमी कसे असतीन? तुमच्याच मानसायनं दोन-दोन विडे खाल्ले!"

त्यानंतर आमच्या शेजारच्या सखूकाकूंनी लेकीच्या लग्नासाठी भाऊंकडूनच पानं घेतली. काकू विधवा, गरीब. मला राहवलं नाही. काकूंच्या घरी मी पानं पुन्हा मोजली. शंभर म्हणून दिलेली पानं शंभराच्या कितीतरी वर भरली. मी तसाच बाजारात गेलो.

"भाऊ, तुमची मोजनी चुकली. काकूले पानं जास्त गेले."

त्यांनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

"हळू बोल ना बाप्पा! लोकायले समजलं, तं उद्या सारा गाव गरीब होईन. आन् सगळ्यात पयले पाटील."