कोराडीच्या क्वार्टरमधलं डायलिसिस

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत भूगोल शिकवत होते, आणि शाळा सोडायची माझी मुळीच तयारी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून नीट समजावलं. एक तर आठवड्यातून तीनदा दवाखान्यात यायचं आणि हातात सुया टोचून मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. तसंच मशीन घरीही बसवता येतं, पण त्याला शुद्ध पाण्याची वेगळी व्यवस्था लागते आणि मशीन चालवायला शिकलेलं माणूस लागतं. नाहीतर पोटाचं डायलिसिस. पोटात एक मऊ नळी बसवायची, तिच्यातून औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तास राहू द्यायचं. आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. मग ते काढून नवं भरायचं. हे रोज, दिवसातून चारदा.

"शाळेत करता येईल?" मी विचारलं.

"स्वच्छ, बंद खोली मिळाली तर का नाही?"

माझं तिथंच ठरलं.

नवरा कोळशावरच्या वीज केंद्रात ऑपरेटर, त्यामुळे आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहतो. घरी आल्यावर त्यानं खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्यासमोर धरलं.

"हे पाह्य. सकाळीच पुसलं होतं. इथं राख उडून राहिली, अन् तू घरी पोटात पाणी भरशील? त्यापेक्षा दवाखान्यात जाऊ. मी सुट्ट्या टाकतो."

"तुम्ही सुट्ट्या टाकाल हो, पण मी वर्गावर कधी जाऊ?"

"माझ्या हातून काही चुकलं तर, वं?" तो हळूच म्हणाला.

राखेचं निमित्त होतं, खरी भीती ही होती.

"पोट माझं, हातही माझेच," मी म्हटलं. "तुम्ही फक्त शिकून ठेवा."

नळी बसली, जखम भरली. दवाखान्यातल्या सिस्टरनं आम्हा दोघांना सगळं शिकवलं. मागची छोटी खोली आम्ही रिकामी केली, पडदे काढले, भिंतीला हूक ठोकला. पाण्याच्या पिशव्यांची खोकी थेट छतापर्यंत गेली. पाणी बदलताना दारं-खिडक्या बंद, तोंडाला मास्क, आणि धूळ उडू नये म्हणून पंखा-कूलरही बंद. नागपूरच्या मे महिन्यात!

गावाहून आलेल्या सासूबाईंना हे काही पटेना. "काहून वं, एवढ्या गरमीत पंखा बंद करून बसली? जीव जाईन ना!"

मी कारण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागल्या. एकदा नवऱ्याचे साहेब मला भेटायला आले, तर त्यांनाही आत सोडलं नाही. "बसा जरा. सून पाणी बदलून राहिली." साहेब बिचारे चहा पीत बसले.

शाळेत नकाशे ठेवायची खोली मिळाली. पोटातलं पाणी उतरेपर्यंत माझ्या दोन-चार उत्तरपत्रिका तपासून होत.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी निघालेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसलं. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे पिशवी छापील कागदावर धरली. अक्षरं वाचता येईनात. पोटही दुखायला लागलं होतं. मी वाट पाहिली नाही. पिशवी सोबत घेतली आणि आम्ही ऑटोनं दवाखाना गाठला.

जंतुसंसर्ग होता. तो कुठून आला ते काही कळलं नाही. "वेळेत आलात, म्हणून नळी वाचली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पाण्याच्या पिशवीतूनच औषध सुरू केलं.

"बस झालं आता," नवरा म्हणाला. "हे घरचं बंद कर."

"ओळखलं कुणी? मीच ना? मग?"

घरी आल्यावर माझ्या हातांत बळ नाही हे पाहून त्यानं मुकाट्यानं साबण घेतला, कोपरापर्यंत हात धुतले, मास्क लावला आणि नळी जोडली. घाई नाही, गडबड नाही. जोडणी दोनदा पाहिली, मग पाणी सोडलं.

"प्लांटात रोज व्हॉल्व्हच तर पाह्यतो," तो म्हणाला. "तुझ्याहून साफ हात आहे माझा."

मी बरी झाल्यावरही संध्याकाळची पिशवी त्यानं सोडली नाही. ती त्याचीच झाली.

आता डॉक्टरीणबाई नव्या पेशंटना कधी कधी माझ्याशी बोलायला सांगतात. घरचंच करा, असा आग्रह मी धरत नाही. ज्याला नीट दिसत नाही, मदतीला कुणी नाही किंवा स्वच्छ कोपरा नाही, त्याला दवाखानाच बरा. पण जमण्यासारखं असेल, तर भिऊन नाही म्हणू नका, एवढं सांगते.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात सीताबर्डीच्या कपड्याच्या दुकानात काम करणारी एक तरुण बाई आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी दबक्या आवाजात विचारलं, "ताई, साडी नेसता येते?"

"नेसूनच तर बसले आहे तुझ्यासमोर," मी म्हटलं, तशी ती पहिल्यांदा हसली. "फक्त ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना परकराची नाडी कुठं बांधतेस ते दाखव. नळी बरोब्बर तिच्याखाली यायला नको."

मग आम्ही दोघी पडद्याआड गेलो आणि मी माझी नळी तिला दाखवली.