दोन वाजताची आम्रपाली

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर १०च्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या आम्रपालीला आमच्या कंपनीनं शेवटपर्यंत ज्युनिअरच ठेवलं. टीम लीडची जागा तिचीच होती. हे मी आज सांगतोय. तेव्हा मूग गिळून बसलो होतो.

त्याच प्लांटमधल्या एका दुरुस्ती-कारखान्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो. सॉफ्टवेअर बनवायच्या, बाहेरून आणलेल्या पद्धतीच्या पुस्तकात लिहिलं होतं, दर दुसऱ्या शुक्रवारी सकाळी झालेलं काम वापरणाऱ्यांना दाखवा आणि सूचना घ्या. आम्ही दाखवायचो. एकदा फिटर म्हणायचे बटण वर हवं, पुढच्या वेळी म्हणायचे खाली. सहा महिने आम्ही तेच बटण वरखाली केलं आणि फिटरांना अडाणी म्हणत चहा प्यायलो.

आम्रपालीचे बाबा, देवीदास, प्लांटमधून रिटायर झालेले. ऐकून ते हसलेच. "कावून डोकं फोडून राहिली, बेटा? दर हप्त्याले शिफ्ट बदलते. तुमी दर वेळी वेगळ्याच लोकायले विचारून राहिले. दोन वाजता जा. एक शिफ्ट निघते, दुसरी येते. धा मिनिटं सारे एका जागी असतात."

ती रोज दोनला जाऊ लागली; शुक्रवारच्या बैठका बंद पडल्या. गेटजवळच्या बाकावर लॅपटॉप उघडायची. जाणारे-येणारे आपसात भांडून काय ते ठरवायचे, ती वहीत लिहून घ्यायची. चार महिन्यांत सॉफ्टवेअर सुरळीत चालू लागलं.

मग कंपनीच्या गुणवत्ता-प्रमाणपत्रासाठी तपासणी आली. तपासनीसाला शुक्रवारच्या बैठकांचे कागद हवे होते. आमच्या मॅनेजरनं, शामसुंदर सरांनी, न झालेल्या बैठका लिहून काढायला सांगितल्या. आम्रपालीनं साफ नकार दिला आणि वही पुढे केली. ती त्यांनी उघडूनही पाहिली नाही. मी एका दुपारी आठ बैठका लिहिल्या. कोण उशिरा आलं, तेसुद्धा घातलं. महिन्याभरात मी टीम लीड झालो.

पुढच्या वर्षी कंपनीनं स्वतःची, इथल्या कामाला साजेशी पद्धत जाहीर केली. तिच्यात दोन वाजताची बैठक होती, आम्रपालीचं नाव नव्हतं. प्रशिक्षण द्यायला मला उभं केलं. शिकणाऱ्यांच्या हजेरीपटावर तिनंही सही केली आणि ती मागच्या रांगेत बसली.

"कोई डाउट?" मी विचारलं.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; ऑफिसात आम्ही हिंदीच बोलतो. तिनं मराठीत विचारलं. तिथे मराठी फक्त मला कळत होती.

"पियूष, तू कधी गेला होता का रे, दोन वाजता?"

एकदाही नाही. सगळ्यांदेखत तिनं माझी अब्रू राखली, आणि तिची जागा खाऊन बसलेला मी लाजेनं मेलो. तरी पुढची स्लाइड लावली.