सगळ्यात आधी म्हटलेलं आमेन

माझा आवाज मोठा आहे. चिखलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी आली की मी स्वयंपाकघरातूनच भाव विचारते, आणि भाजीवालाही तिथूनच ओरडून सांगतो. आमच्या चर्चच्या बुधवारच्या घरसभेत गीत उचलायचं असलं की सगळे माझ्याकडे बघतात. प्रार्थना संपली की आमेन सगळेच म्हणतात, पण माझं पार रस्त्यावर ऐकू जातं, असं सासूबाई म्हणतात. या आवाजाचा मला कधी त्रास झाला नव्हता. त्या बुधवारी झाला, आणि असा झाला की माझी बोलतीच बंद झाली.

आधी पोरीचं सांगायला हवं. आम्हाला एकच लेकरू, अकरा वर्षांची पोरगी, आणि ती शाळेत जात नव्हती. मीच तिला घरी शिकवत होते. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली तेव्हा ही नुसती पडद्याकडे बघत बसायची, आणि दोन ओळी वाच म्हटलं की अडखळायची. माझं टाळकंच सरकलं. मी मोबाइल कपाटात ठेवला, पाटी काढली आणि तिला ओसरीवर बसवून शिकवायला लागले. लग्नाआधी मी डी.एड. करून दोन वर्षं मास्तरकी केली होती, ती कधीतरी कामाला यायलाच हवी होती. शाळा उघडल्या तोवर पोरगी पेपर घडाघडा वाचायला लागली होती. मी म्हटलं, आता काऊन पाठवायची?

लोकांना हे काही पचलं नाही. "पोट्टी घरी काऊन? बिमार हाय काय?" हे इतक्यांदा ऐकलं की मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. समोरच्या काकूंनी एकदा हळूच विचारलं, "तुमच्यात पोरीले नन करतात म्हने, म्हून शाळेत नाई पाठवत काय?" मी म्हटलं, "काकू, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात ननच नसतात वं! आमचे चर्चचे पाळकसाहेब बायकोलेकरं घेऊन येतात बुधवारी, तुम्ही खिडकीतून पाह्यता न?" शाळाबाह्य मुलं शोधत शिक्षकही दारात यायचे. मी पोरीला पुढे करायचे, विचारा हिला काय विचारायचं ते. ते विचारायचे, ती फटाफट सांगायची, चहा पिऊन ते जायचे, आणि पुढचे दोन दिवस मी मान वर करून गल्लीत फिरायचे.

आणि शिकवायचे तरी किती झकास! टक्केवारी शिकवायला तिला बाजार समितीच्या यार्डात नेलं, सोयाबीनच्या ढिगापाशी उभं केलं, आणि ओलावा जास्त म्हणून भाव किती कापला ते तिच्याकडून काढून घेतलं. मतदानाला जाताना तिला सोबत नेऊन, बोटावरची शाई दाखवत नागरिकशास्त्र शिकवलं. सकाळी बायबलवाचन, गीत, प्रार्थना, मग गणित, मग भाषा. पोरीच्या तोंडात शिवी नाही, डोक्यात ऊ नाही, कोणाशी भांडण नाही. याहून सुखी लेकरू अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात नसेल, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

तर त्या बुधवारी घरसभा आमच्याकडे होती. पाळकसाहेब, त्यांच्या बाई आणि मंडळीतली मोजकी कुटुंबं. विहिरीवरच्या जळालेल्या पाणमोटारींत नवी तार भरून द्यायचं माझ्या नवऱ्याचं दुकान आहे, तेही त्यानं लवकर बंद केलं होतं. गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि साखळी प्रार्थना सुरू झाली. म्हणजे सगळ्यांनी डोळे मिटून गोल बसायचं आणि एकामागून एकानं आपलं मागणं मोठ्यानं देवापुढे मांडायचं. एकजण मागत असताना दुसरा मध्ये बोलत नाही, डोळे उघडत नाही. त्याचं संपलं की सगळे आमेन म्हणतात. त्याचं मागणं ते आमचंही मागणं, असा त्या आमेनचा अर्थ. शेवटी घरच्या बाईनं समारोप करायचा. लेकरं बहुतेक एक ओळ म्हणतात, पाऊस दे किंवा आजीचे गुडघे बरे कर, आणि सुटतात.

मी चहाचं दूध बारीक गॅसवर ठेवून येऊन बसले होते. चुकलंच. कारण एक काका जावयाच्या नोकरीपासून जे सुरू झाले ते देशाच्या राज्यकर्त्यांपर्यंत पोचले, तरी थांबेनात. डोळे मिटलेले होते माझे, पण कान आणि नाक सगळं स्वयंपाकघरात. माझ्या आधी पोरीची पाळी होती. "हे प्रभू" एवढं मी ऐकलं. मग शाळा असं काहीसं कानावर आलं. मला वाटलं, शाळेतल्या लेकरांसाठी मागते आहे, गुणाची पोर. तेवढ्यात दुधाचा वास बदलला. आता वर येणार, मला कळलं. पोरगी थांबली, आणि तिनं थोडक्यात आटपलं या आनंदात मी छाती भरून म्हटलं, "आमेन!"

खोलीत माझं एकटीचंच आमेन वाजलं. मग जरा वेळानं पाळकसाहेबांचं आलं, मग चाचपडत बाकीच्यांचं. मी डोळे उघडले तर सगळ्यांचे उघडेच, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"पोट्टीनं शाळा मांगतली," त्या कुजबुजल्या. "मले शाळेत जाऊ दे आन् आईचं मन वळव, असं म्हनली. आन् तू आमेन म्हनली वं, सगळ्याइच्या आधी."

अवं माय! भर मंडळीत कोणी थोबाडीत ठेवून द्यावी तसं झालं मला. आणि समारोप तर मलाच करायचा होता. सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि वाट बघत बसले. "हे दयाळू पित्या," मी म्हटलं, आणि पुढे शब्दच नाही. वीस वर्षं मी प्रार्थना करते, कधी अडले नव्हते. शेवटी मी सरळ प्रभूची प्रार्थना धरली, जी सगळ्यांना पाठ असते, आणि सगळ्यांच्या आवाजात कशीबशी निभावून नेली. दूध तोवर ओट्यावरून खाली सांडत होतं. त्या दिवशी पाहुण्यांनी बिनदुधाचा चहा प्याला. पाळकबाई कप परत देताना म्हणाल्या, "किती मोठं मन हो तुमचं! दुसरी आई असती तर एवढ्या पटकन आमेन नसती म्हनली." मी हसले. काय करणार?

माणसं गेली आणि दार लागलं, तशी मी पोरीवर कडाडले. "चारचौघात? आईले सांगाचं सोडून चारचौघात देवाले सांगतलं? माही काय इज्जत राह्यली?"

ती रडली नाही. ते मला जास्त लागलं. "तुले सांगतलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"उन्हाळ्यात. तू कैऱ्या चिरून राह्यली होती. मी म्हनलं, मले शाळेत जायचं हाय. तू म्हनली, प्रार्थना कर."

मला काही आठवेना. कैऱ्या आठवल्या, विळी आठवली, पण पोरगी आठवेना. पण म्हटलं असणार, यात शंका नाही. आमच्यात हे येताजाता तोंडात असतं. कोणी उसने मागितले, प्रार्थना करू. कोणी मुलीचं स्थळ सुचवलं आणि आवडलं नाही, प्रार्थना करू. समोरच्याला नाही म्हणवत नाही तेव्हा देवाचं नाव पुढे करायचं आणि विषय मिटवायचा. मोठ्या माणसांना हे बरोबर समजतं, ती पुन्हा विचारत नाहीत. लेकराला ते कसं समजणार?

"मग मी केली," ती म्हणाली. "रोज."

मी नवऱ्याकडे पाहिलं. म्हटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो पायातले मोजे काढत होता. "आता काय बोलाचं," तो म्हणाला. "तू आमेन म्हनली न?"

"ते आमेन दुधासाठी होतं!"

"देवापुढं दूध-गिध सांगू नको. म्हनली म्हंजे म्हनली. सोमवारी घेऊन जाय तिले शाळेत." आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या घरात, माझ्याच सासूबाई!

मी चार दिवस भांडी आपटली. कोणी विचारलं तर सांगायचे, काही नाही झालं. पण झालं होतं. ही पोरगी दहा वाजता निघून गेली तर या घरात मी कोण? स्वयंपाक तर सगळ्याच बाया करतात. मला ओसरीवर बसून रडूसुद्धा आलं, आणि त्याचाही राग आला. त्याहून मोठी धास्ती तिची होती. तिला माणसांची सवय नाही. वर्गात एकही ख्रिस्ती लेकरू नसणार. चिडवतील, गळ्यातला क्रॉस ओढतील, ही कोपऱ्यात बसून राहील, आणि मी तिथे नसेन. ती एकटी पडेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

सोमवारी तरी तिला घेऊन गेले. नगरपालिकेची शाळा आमच्या मागच्याच रस्त्याला आहे. खरं सांगते, मनात माझ्या वेगळंच होतं. पोरगी वर्गाच्या दारात पाय ठेवेल, एवढी अनोळखी तोंडं बघेल आणि माझा पदर धरेल. मग देवालाही सांगता आलं असतं की बघ बाबा, मी आले होते, तिचंच मन होईना. मुख्याध्यापिका मॅडमनी तिच्याकडून एक धडा वाचून घेतला, दोन गणितं घातली आणि पाचवीत बसवा म्हणून सांगितलं. आम्ही वर्गाच्या दारात उभ्या राहिलो.

आतून एकच गलका उठला. "गच्चीवाली आली वं! गच्चीवाली आली!"

पोरी बाकांवरून उठल्या. एकजण तर टाळ्या वाजवायला लागली. मी मागे वळून पाहिलं, मला वाटलं दुसरं कोणी आलं. पण पोरी माझ्याच लेकीला म्हणत होत्या. दुपारी खिचडीची सुट्टी होते तेव्हा मी घरात घटकाभर पाठ टेकते, आणि पोरगी वाळलेले कपडे आणायला गच्चीवर जाते. गच्चीवरून शाळेचं मैदान दिसतं. कपडे आणायला एवढा वेळ का लागतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. वर्षभर ती कठड्यावरून खाली बोलत होती आणि या पोरी खालून वर.

दोन वेण्यांची एक पोरगी पुढे आली, माझ्या लेकीचा हात धरला आणि तिला तिसऱ्या बाकाशी ओढत नेलं. "मॅडम, इची जागा इथी हाय," ती म्हणाली. "आम्ही धरून ठेवली. मी इच्यासाठी नारळ बोलली होती, आता फोडा लागते." तिच्या मागून दुसरी ओरडली, "आन् आम्ही विहारात मेणबत्ती लावली होती!"

नारळ! आमच्यात नवसाचं नाव काढत नाहीत. पाळकसाहेब त्यावर तासभर बोलू शकतात. आणि माझ्या पोरीच्या शाळेसाठी कोणी नारळ बोललं होतं, कोणी मेणबत्ती लावली होती, आणि मला पत्ता नाही. माझी पोरगी बाकावर बसून हसत होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शाळा सुटायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभी होते. ती बाहेर आली ती मुठीत ओल्या नारळाचा तुकडा घेऊन. थोडं चालल्यावर मला राहवेना.

"तू तिले नवस बोलाले सांगतलं होतं?"

"नवस नाई सांगतला. मी म्हनलं, माह्यासाठी मांगा. कोनापाशी मांगाचं ते त्याइचं त्याइले."

"काऊन पन? आपल्या घरचे कमी होते काय? मी नव्हती काय तुह्यासाठी मांगाले?"

ती थांबली. मला वाटलं, आता चिडेल. पण ती हळू आवाजात, मी तिला गणित समजवायचे तसं समजवायला लागली. "आई, तू रोज सकाळी मांगते, माह्या लेकराले माह्याजवळच ठेव म्हून. मी तिथीच बसलेली राह्यते. मी देवाले उलटं मांगून राह्यली होती. एकाच घरातून दोन उलट्या गोष्टी, मंग त्यानं कोनाचं ऐकाचं? म्हून मले मानसं लागत होती. मी एकटी होती न."

एवढं बोलून ती नारळ चावत पुढे चालायला लागली. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. मागून ऑटोवाला केव्हाचा हॉर्न वाजवत होता. शेवटी त्यानं मान बाहेर काढली आणि ओरडला, "अवं ताई, सरका न बाजूले!"