देवीने परत केलेला उपास

देवी माझ्यावर रुसली आहे, याची मला खात्रीच पटली होती. मला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अडकल्या की कळ उठते, हाडं आतून कुणी पिळतंय अशी. लग्न होऊन दिवेआगरला आले आणि कळा वरचेवर येऊ लागल्या. त्याहून वाईट म्हणजे नंतरची उदासी. ताट दूर सारायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर जेव, पाणी भरपूर पी, आणि मनातलं बोलायला समुपदेशकबाईंकडे जा. मी फणकारले, "मला काय वेड लागलंय?"

नवरात्र तोंडावर आलं तसं मी ठरवलं, नऊ दिवस निर्जळी उपास करायचा. देवी प्रसन्न तरी होईल, नाहीतर एकदाची सुटका तरी करील. हे दुसरं मी कुणाला बोलले नाही. सासूबाई तरीही हादरल्या. "अगो, पाणी कमी पडलं की तुला कळ येते, ठाऊक हाय ना?" दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी त्या म्हणाल्या, "चल, देवीलाच विचारू. ती हो म्हणाली तर मी तोंड उघडणार न्हाय."

आमच्याकडे मोठं काही करण्याआधी देवीचा कौल घेतात. देवळात पूजा करणाऱ्या गुरवकाकांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही टक लावून बसलो. डावी पडली.

मी म्हटलं, बरं, पाणी पिते, फळांवर राहते. पुन्हा डावी. मग एक वेळ जेवते. डावीच! मला रडूच कोसळलं. सगळ्या गावाचे उपास चालतात, माझाच नको? एवढी का मी नकोशी झाले? रडता रडता मी सुटकेचंही बोलून गेले. सासूबाईंनी मला घट्ट कवटाळलं. मग पदराने डोळे पुसून त्या गुरवकाकांना म्हणाल्या, "आता विचारा, माझ्या सुनेनं दोन्ही वेळा पोटभर जेवावं का?"

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आतच उजवी पाकळी खाली आली.

गुरवकाका खो खो हसले. "आईला घाई झालीय गो! जा, आधी जेव." आणि मीसुद्धा हसले, नाक वाहत असताना हसले.

त्या नवरात्रात सारं घर उपाशी आणि मी एकटी जेवणारी! नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, माठाची भाजी. सासूबाई स्वतः उपास धरून मला वाढायच्या, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून राखण करायच्या. सुरुवातीला घास उतरेना. मग देवीनंच वाढलंय असं समजून जेवू लागले आणि भूक परत आली. समुपदेशकबाईंकडे गेले. देवळात बोलून गेले होते तेच त्यांच्यापुढे पुन्हा बोलले, आणि किती हलकं वाटलं म्हणून सांगू! अजूनही जाते.

दुखणं गेलेलं नाही. कळ आली की औषध घेते, इस्पितळ गाठते. पण देवी रुसली आहे, हे आता मनाला शिवत नाही. पाकळी वाऱ्याने पडली की पाणी सुकल्याने, मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. तिला काय द्यायचं ते आता मी ठरवत नाही, ती मागेल ते देते. मी उपास द्यायला गेले होते. तिला मी हवी होते, तीही पोटभर जेवलेली.